भंगार कोणाला म्हणतोस?

"हा डबा भंगारात टाक म्हणावं तिला," काउंटरमागचा विक्रेता म्हणाला. आणि हे तो निमियाला म्हणालाच नाही. निमियाच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला म्हणाला.

निमियाने वळून पाहिलं. माणूस तिच्या सात जन्मांच्या ओळखीचा नव्हता. उंच, सावळा, काखेत बर्फाच्या पाण्याचा थर्मास, हातात तेरेरेचा, म्हणजे पाल्याच्या गार चहाचा, शिंगाचा पेला आणि पेल्यातली नळी ओठांत. तो आपला रांगेत उभा होता, प्रोसेसरला लावायच्या पेस्टची एक ट्यूब घ्यायला.

पाराग्वेतल्या सिउदाद देल एस्ते शहरात, दुकानांच्या गॅलऱ्यांत, ही रीतच आहे. प्रश्न बाईने विचारायचा, उत्तर तिच्या मागच्या पुरुषाला मिळायचं. मागे पुरुष नसेल तर भिंतीला मिळायचं. निमियाने प्रश्न सरळ विचारला होता. ग्राफिक्स कार्ड आणि रॅम बदलून हाच कॉम्प्युटर चालवावा, की सगळा नवा घ्यावा? बारा किलोचं धूड चादरीत बांधून, मिंगा ग्वासूहून बसमध्ये मांडीवर घेऊन ती आली होती. चादरीची गाठसुद्धा कोणी सोडून पाहिली नव्हती.

"आठ वर्षांचा आहे, साहेब," विक्रेता त्या माणसालाच समजावत होता. "मैत्रिणीला नवा घेऊन द्या. हा बघा, रंगीत दिव्यांचा. मुलींना आवडतो."

त्या माणसाने नळी तोंडातून काढली. "ही माझी कोणी नाही. आणि तू उघडून न बघताच भंगार म्हणतोस? पोटात डोळे आहेत का तुझ्या?"

"तुला कोणी विचारलं?" निमिया त्याच्यावर उखडली. मग काउंटरकडे वळली. "आणि तू! भंगार कोणाला म्हणतोस? ह्यातला एकूणएक स्क्रू मी माझ्या हाताने लावलाय. तुझ्या रंगीत दिव्यांचं तोरण कर आणि घाल गळ्यात!"

तिने गाठोडं हिसक्याने उचललं. गाठ सुटली. कॉम्प्युटर घसरला, आणि त्या उंच माणसाने त्याचा एक कोपरा वरच्यावर झेलला.

"सोड."

"सोडला तर पडेल."

"पडू दे!"

"नक्की?"

निमियाने दात आवळले. "…नाही."

त्याचं नाव देर्लिस. गॅलरीच्या तळघरात, जिन्याखाली, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दीड हात रुंदीचं एक टेबल होतं त्याचं. धूड घेऊन दोघं तिथे उतरले.

"हे दुकान आहे?" निमियाने नाक मुरडलं.

"दुकानं वर असतात. इथे काम होतं," तो म्हणाला आणि त्याने कॅबिनेटचं झाकण काढलं.

आत सगळं लाल होतं. ह्या आल्तो पाराना प्रांताची माती कशालाच सोडत नाही. चादरी लाल, कुत्री लाल, पोरांचे तळवे लाल. इथे ती पंख्यात शिरून, दमट हवेत भिजून, वाळून, घट्ट बसली होती.

"तू तर आत वीट भाजून ठेवलीयस."

"आमच्या दारातला रस्ता कच्चा आहे. तू काय संगमरवरात राहतोस?"

तो हसला. हसताना त्याचा एकच गाल हलायचा, हे निमियाच्या लक्षात आलं आणि लक्षात आलं म्हणून तिला आणखी राग आला.

"ह्या वायरी कोणी बांधल्या?" त्याने विचारलं. आतल्या सगळ्या वायरी केसांच्या निळ्या रबरांनी एकसारख्या बांधलेल्या होत्या.

"मी. का?"

"सुबक आहे." एवढंच म्हणाला. हसला नाही, डोळा मारला नाही. निमिया भांडायच्या तयारीत उभी होती, आणि आता तिला भांडायला जागाच उरली नाही.

त्याने पेल्यात गार पाणी ओतून तो तिच्यापुढे धरला. पुदिना, ठेचलेला पाला, बर्फ. चाळीस अंशांच्या त्या दुपारी तो घोट तिच्या गळ्यातून थेट गुडघ्यांपर्यंत उतरला. तिने पेला परत केला आणि मुद्दाम, स्वच्छ आवाजात म्हणाली, "धन्यवाद."

देर्लिसचा हात थबकला. तेरेरे पिताना 'धन्यवाद' म्हटलं की संपलं. मला आता नको, मला पुन्हा ओतू नकोस, असा त्याचा अर्थ. नाहीतर पेला मुकाट्याने परत द्यायचा आणि आपली पाळी पुन्हा यायची वाट बघायची.

"पहिल्याच घोटाला?" तो म्हणाला. "हे तर दार तोंडावर आपटणं झालं."

"म्हणून तर म्हटलं. कामाचं बोल. नवा घेऊ की हाच ठेवू? शनिवारी तीन वाजता माझी मॅच आहे."

आणि मग तिने सांगून टाकलं. ऑनलाइन लढाईच्या खेळातला पाच जणांचा संघ, बाकीचे चौघे राजधानीचे, असुन्सिओनचे पुरुष. गेल्या महिन्यात दोनदा, ऐन लढाईत, तिचा कॉम्प्युटर तापून बंद पडला आणि दोन्ही वेळा संघ हरला. शनिवारची मॅच जिंकली तर राष्ट्रीय फेरी. कप्तान एदगारने बजावलं होतं, मशीन धड कर, नाहीतर तुझ्या जागी रोलांदो. "रोलांदोला नकाशा कळत नाही," निमिया म्हणाली. "दार कुठलं आणि खिडकी कुठली, ते कळत नाही. पण त्याचा कॉम्प्युटर नवा आहे. चार वर्षं खेळतेय मी त्यांच्याबरोबर. चार वर्षं! आणि माझी जागा एका डब्यावर ठरणार!"

देर्लिसने ऐकून घेतलं.

"नवा घेऊ नकोस," मग तो म्हणाला. "हा वयाने बंद पडत नाहीये, श्वास कोंडून बंद पडतोय. धूळ काढू, पेस्ट बदलू, रॅम दुप्पट करू, हार्ड डिस्कच्या जागी वेगवान ड्राइव्ह टाकू. कार्ड राहू दे, तुझ्या खेळाला पुरतं. दोन वर्षं निघतील."

"आणि पॉवर सप्लाय? तोही आठ वर्षांचा आहे."

"तो चालतोय ना? त्याचं मी बघतो. तू नको काळजी करू."

निमियाला हे खटकलं. पण शनिवार जवळ आला होता. ती गप्प बसली. नको होती बसायला.

शुक्रवारी दुपारी ती आली तेव्हा कॉम्प्युटर चकचकीत झाला होता. देर्लिसने दहा मिनिटं तिला त्यावर खेळू दिलं. पंखा कुजबुजत होता, चित्र एकदाही अडकलं नाही. अकराव्या शत्रूला लोळवून निमिया मोठ्याने हसली, आणि मान वर केली तर तो पडद्याकडे बघतच नव्हता.

"काय?"

"काही नाही. हसतेस तेव्हा बरी दिसतेस. म्हणजे… रागावतेस तेव्हाही. तेव्हा जरा भीती वाटते, एवढंच."

"वाटायलाच हवी." टेबलावर तिचं एक निळं रबर पडलं होतं, वायरीतून सुटलेलं. तिने ते उचललं आणि दोन्ही हात मागे नेऊन केस बांधले. देर्लिस तिच्याकडे बघत बघत कॉम्प्युटरच्या वायरी काढत होता. मागच्या बाजूला हात घालून, सवयीने, न बघता.

बसपर्यंत तो धूड उचलून आला. एका चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. "काही लागलं तर," म्हणाला.

संध्याकाळी घरी तिने प्लग लावला, बटण दाबलं आणि फाट्टकन आवाज झाला. कॅबिनेटच्या मागून धूर. जळक्या वासाने खोली भरली. तिची आई पेर्ला स्वयंपाकघरातून ओरडत आली.

निमियाने चिठ्ठीवरचा नंबर फिरवला.

"जळला! कळलं? जळला! हेच का तुझं काम?"

मग देर्लिसचा आवाज, अगदी खाली गेलेला. "मागे एक छोटं लाल बटण आहे. त्यावर काय दिसतंय?"

निमियाने मोबाइलचा दिवा मारला. "एकशेपंधरा."

"देवा…"

त्याची निम्म्याहून अधिक गिऱ्हाइकं नदीवरच्या पुलापलीकडची, ब्राझीलची. तिकडे वीज निम्म्या दाबाची. म्हणून मशीन हातात देण्यापूर्वी ते बटण एकशेपंधरावर सरकवायचं, ही त्याच्या बोटांना दहा वर्षांची सवय. इथल्या दोनशेवीसला ते बटण तिथे असलं, की धडाका.

"चूक माझी," तो म्हणाला. "शंभर टक्के माझी."

"मी विचारलं होतं तुला!" निमिया किंचाळली. "पॉवर सप्लायचं काय, विचारलं होतं की नाही? 'तू नको काळजी करू'! वरच्या दुकानातल्याने मला ऐकलं नाही आणि तूही ऐकलं नाहीस. फरक काय तुम्हा दोघांत? तो निदान रंगीत दिवे तरी देत होता!"

"काहीच फरक नाही. एकाच माळेचे मणी. उद्या सकाळी नवा घेऊन येतो."

"नको येऊस!" तिने फोन आपटला. आणि मग रात्रभर मनात म्हणत राहिली, येईल ना?

सकाळी आभाळ फाटलं.

पाराग्वेत पाऊस आला की दिलेला शब्द वाहून जातो. सुतार येत नाही, पाद्री येत नाही, वऱ्हाड येत नाही, आणि कोणी कोणाला दोषही देत नाही. पाऊस होता ना, म्हटलं की झालं. पत्र्यावर दगडफेक झाल्यासारखा आवाज चालला होता, दारातला रस्ता लाल नदी झाला होता. बस बंद.

"पावसात कोण येतं, पोरी?" पेर्ला पीठ भिजवत म्हणाली. पाऊस लागला की घरोघरी तोरतिया तळतात, तशा तिला तळायच्या होत्या. "उगाच खिडकीशी उभी राहू नकोस."

"मी त्याची वाट बघत नाहीये."

"मी कुठे म्हटलं कोणाची?"

बाराला एदगारचा निरोप आला. 'दोनपर्यंत दिसली नाहीस तर रोलांदो. मनावर घेऊ नकोस.' मनावर घेऊ नकोस! निमियाने मोबाइल गादीवर फेकला. एदगार, रोलांदो, तो दिव्यांचा दुकानदार, हा देर्लिस आणि वर हा पाऊस… सगळ्यांना एका चादरीत बांधून पुलावरून खाली फेकावंसं वाटलं तिला.

एक वाजून दहा मिनिटांनी दाराशी मोटारसायकल खोकली.

देर्लिस गुडघ्यांपर्यंत लाल चिखलाने माखला होता. केसांतून पाणी, शर्टातून पाणी, बुटांतून पाणी. छातीशी कचऱ्याच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेला एक खोका, आणि तेवढा कोरडा.

निमिया दारातच उभी राहिली आणि तिने त्याला झाडायला सुरुवात केली. बेजबाबदार म्हणाली, उंटावरचा शहाणा म्हणाली, अशा पुरात मोटारसायकल घालतात का, मरायचं होतं का, तू मेलास तर मी काय करायचं होतं…

ती गप्प झाली. स्वतःचंच शेवटचं वाक्य तिला ऐकू आलं होतं.

"बाकीचं आत येऊन ऐकू का?" देर्लिस हळूच म्हणाला. "खोका भिजेल."

नवा पॉवर सप्लाय कुठल्याही विजेवर चालणारा होता. त्याला बटणच नव्हतं. देर्लिसने स्क्रूड्रायव्हर काढला, आणि क्षणभर थांबून तो तिच्यापुढे धरला. "तू लाव. मी वायरी देतो. मदरबोर्ड वाचला असेल तर…"

"आणि नसेल तर?"

"तर माझा कॉम्प्युटर आणतो. पुन्हा पावसातून."

तिने चार स्क्रू लावले. त्याने एक एक वायर हातात दिली. दोघांची बोटं गार होती. एका वायरीला रबर पुरेना, तेव्हा निमियाने केसांतलं काढून तिथे बांधलं. मग तिने बटणावर बोट ठेवलं आणि तिला ते दाबवेना.

"कसं विसरलास?" तिने मागे न बघता विचारलं. "दहा वर्षं काम करतोस. इथल्या गिऱ्हाइकाचं बटण कधी विसरलायस?"

"कधीच नाही."

"मग काल?"

"हात सवयीने गेला. डोळे दुसरीकडे होते."

"कुठे?"

त्याच्या कानांच्या पाळ्या चिखलाहून लाल झाल्या. निमियाने बटण दाबलं.

पंखा फिरला. पडदा उजळला.

दोनला पाच कमी असताना ती एदगारला ऑनलाइन दिसली.

पहिला डाव हरले. दुसरा जिंकले. तिसऱ्यात चौघेही पुरुष गारद झाले आणि समोर तीन शत्रू उरले तेव्हा निमिया एकटी होती, एका गोदामाच्या दारामागे. आठ वर्षांचा पंखा कुजबुजत होता. तिने श्वास धरला. चित्र अडकलं नाही. एक. दोन. आणि खिडकीतून तिसरा.

हेडफोनमध्ये चार पुरुष एकदम ओरडले. मग एदगार म्हणाला, "निमिया! कुठला नवा घेतलास गं?"

"नवा नाही. तोच आहे," ती म्हणाली. "आणि पुन्हा रोलांदोचं नाव काढलंस ना, तर राष्ट्रीय फेरीत दार आणि खिडकी तूच शोध." आणि तिने आवाज बंद केला.

पाऊस चालूच होता. पेर्लाने तोरतियांचं ताट दोघांमध्ये ठेवलं, त्या ओल्या माणसाला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दुसरं भिजवण घ्यायला गेली.

देर्लिसने थर्मास उघडला. "थंड आहे. पावसात नको असेल तर…"

"दे."

तिने पेला घेतला. नळीने तळाशी गुरगुर करेपर्यंत ओढला.

"दोन वर्षं चालेल म्हणालास," ती म्हणाली. "कोणी सांगितलंय? ही माती दोन महिन्यांत पुन्हा भरेल."

"दर महिन्याला धूळ काढायला येईन."

"पाऊस असला तर?"

"पाऊस असला तर नक्कीच येईन."

तिने पेला परत दिला. देर्लिसचा हात पेल्यासकट अधांतरी राहिला. तो त्या एका शब्दाची वाट बघत होता.

पत्र्यावर पाऊस कोसळत होता. निमियाने तो शब्द काढला नाही.

"बघतोस काय नुसता?" ती खेकसली. "ओत."