वाटीराम आणि हरवलेल्या दोनशे बारा गोळ्या

बालवाचकहो, प्रथम एक कोडे ऐका. एका स्त्रीने दोनशे बारा दिवसांत दोनशे बारा गोळ्या गिळल्या. एकही चुकली नाही, एकही सांडली नाही. तथापि तिचे रक्त तपासले असता असे आढळले, की औषध तिला जेमतेमच मिळाले आहे. मग त्या गोळ्या गेल्या कुठे?

ही स्त्री म्हणजे आंबेघाट या डोंगरगावातील मृण्मयी खोपकर. सन दोन हजार अडुसष्टमध्ये ती तेथील रज्जुमार्गाची (दोरावरून पाळणे नेणाऱ्या मार्गाची) चालक होती. घरी दहा वर्षांची कन्या शाल्मली आणि सासरे आबा. आबा निवृत्त यंत्रशास्त्रज्ञ. त्यांनी स्वहस्ते एक यंत्रमानव घडविला होता. तो सकाळी ठीक सात वाजता प्रत्येकाच्या औषधाची वाटी पुढे करी, म्हणून त्याचे नाव वाटीराम.

मृण्मयी सदैव थकलेली असे. इतरांना उकडत असताना ती शाल पांघरी. तिचा आवाजही घोगरा झाला होता. आबांना यात विनोद दिसला. त्यांनी शाल्मलीच्या आवाजात एक वाक्य वाटीरामात भरून ठेवले, "उठा कासवबाई, सात वाजले!" पहिल्या दिवशी तिघेही हसले. दुसऱ्या दिवसापासून मृण्मयी केवळ वाटीसाठी हात पुढे करू लागली.

रज्जुमार्गाच्या चालकांची दरवर्षी परीक्षा होई. तांबडा दिवा लागताच एका सेकंदात ब्रेक दाबावा लागे. मृण्मयीला दोनदा उशीर झाला. तिसरी आणि अखेरची संधी शुक्रवारी होती. त्यातही उशीर झाला, तर चालकाची खुर्ची जाणार होती.

मंगळवारी रक्ताचा अहवाल आला, आणि वाटीरामासह सर्वजण डॉक्टर सकीना मुजावर यांच्याकडे गेले.

"डॉक्टर, तुमची गोळीच कुचकामी आहे," आबा म्हणाले. "वाटीरामाची नोंद पाहा, एक दिवस खाडा नाही. मी जाहिरात वाचली आहे. प्राण्यांच्या ग्रंथीची वाळवलेली पूड मिळते, ती द्या. नाहीतर ती जलद काम करणारी टी-थ्री तरी द्या."

"आबा, जाहिरात वाचून तुम्ही पाळण्याचा दोर बदलला असता का?" डॉक्टर म्हणाल्या.

"टी-थ्री म्हणजे काय हो?" शाल्मलीने विचारले.

डॉक्टरांनी तिला जवळ बसविले. "गळ्यात फुलपाखराच्या आकाराची अवटू ग्रंथी (थायरॉइड) असते. ती संप्रेरके (रक्तातून शरीरभर निरोप नेणारी द्रव्ये) बनवते. शरीराने किती वेगाने काम करायचे, हा तो निरोप. तुझ्या आईच्या शरीरातील संरक्षक पेशींनी चुकून स्वतःच्याच ग्रंथीला जायबंदी केले आहे. निरोप कमी पडतो, म्हणून हृदय, आतडी, मेंदू, सारेच मंदावते."

"म्हणजे आई आळशी नाही?"

डॉक्टर बोलण्यापूर्वी मृण्मयीच म्हणाली, "चला. आता तरी कागदावर आलं."

शाल्मलीने मान खाली घातली.

"ग्रंथी दोन मुख्य संप्रेरके बनवते," डॉक्टर पुढे सांगू लागल्या. "टी-फोरमध्ये आयोडीनचे चार अणू असतात, टी-थ्रीमध्ये तीन. टी-फोर म्हणजे कोठारातले धान्य, टी-थ्री म्हणजे शिजलेला भात. शरीर टी-फोरमधून एक अणू काढून, लागेल तेवढे टी-थ्री स्वतः शिजवते. आईची गोळी टी-फोरची आहे, लेव्होथायरॉक्सिन. ती सावकाश आणि दीर्घकाळ पुरते, म्हणून बहुतेकांना प्रथम तीच देतात. नुसते टी-थ्री दिले, तर झटकन चढते, झटकन उतरते आणि छाती धडधडते. काही थोड्या रुग्णांना दोन्ही मिळून देऊन पाहतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आणि आबांच्या त्या पुडीत दोहोंचे प्रमाण माणसाच्या गरजेशी जुळत नाही."

"मग गोळी बरोबर असूनही गुण का नाही?" शाल्मली म्हणाली.

डॉक्टर वाटीरामाकडे वळल्या. "सकाळी सात वाजता यांना काय काय देतोस?"

वाटीराम उत्तरला, "थायरॉइडची गोळी एक. लोहाची गोळी एक. कॅल्शियमची गोळी एक. सोबत दुधातील नाचणीचे सत्त्व एक पेला. वेळेची बचत, चार मिनिटे."

"सगळं एकाच वाटीत! माझीच योजना," आबा अभिमानाने म्हणाले.

डॉक्टरांनी हातातील पेन खाली ठेवले.

"आबा, लोह आणि कॅल्शियम आतड्यात या गोळीला चिकटून बसतात. दूधही शोषणात अडथळा आणतं. ती रक्तात शिरतच नाही, बरीचशी तशीच बाहेर पडते. ही गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. मग निदान अर्धा तास काही खायचं नाही. लोह आणि कॅल्शियम चार तासांनंतर. आणि गुण येत नाही म्हणून मी दोनदा मात्रा वाढवली, ती आता कमी करते. हे मी आधीच विचारायला हवं होतं."

"किती दिवसांत बरं वाटेल?" मृण्मयीने विचारले.

"रक्तात पुरता फरक दिसायला सहा ते आठ आठवडे."

"परीक्षा शुक्रवारी आहे."



डॉक्टरांनी रज्जुमार्ग समितीला मुदतीसाठी पत्र लिहिले. समितीचे उत्तर दुसऱ्याच दिवशी आले. आबांनी मोठ्या हौशीने दरमहा पाठविलेली वाटीरामाची नोंद समितीपाशी होती. दोनशे बारा दिवस औषध नियमित घेतलेले असल्याने आजाराची सबब ग्राह्य धरता येत नाही, असे त्यात लिहिले होते. शुक्रवारी मृण्मयीला पुन्हा उशीर झाला. सोमवारपासून ती प्रवाशांच्या हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसू लागली.

आबांनी क्षमा मागितली नाही. त्यांनी दिवसभर दार लावून वाटीरामाची रचना बदलली. आता तो पहाटे साडेपाचला पाणी व थायरॉइडची गोळी देणार होता, उरलेल्या दोन दुपारी. त्यानंतर शाल्मली एकटीच वाटीरामापाशी गेली आणि तिने स्वतःचे ते वाक्य पुसून टाकले.

"नवे वाक्य सांगा," वाटीराम म्हणाला.

तिने पुष्कळ विचार केला. एकही वाक्य पुरेसे वाटेना. "काही बोलू नकोस. फक्त पाणी दे."

आठव्या आठवड्यातील अहवाल चांगला आला. "ग्रंथी बरी झाली का?" शाल्मलीने विचारले. "नाही," डॉक्टर म्हणाल्या, "पण तिचे काम आता गोळी करते आहे. बहुधा जन्मभर करावे लागेल." चालकाची पुढील भरती चैत्रात होती. मृण्मयीने अर्ज भरून ठेवला.

त्या सायंकाळी शाल्मली हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत आईकडे गेली. मांडणीवर छत्र्या, चष्मे आणि एक एकटा बूट ठेवलेला होता. मृण्मयी शाल न घेता खिडकीपाशी उभी राहून खाली येणारा पाळणा पाहत होती. वारा सुटला होता.

"आता ब्रेक," ती पुटपुटली.

त्यानंतर तांबडा दिवा लागला. नव्या चालकाने ब्रेक दाबला, तो त्याच्याही नंतर.