पाणी दी

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर पेडण्यात येऊन गुरुदास चारीला विचारा.

तो सांगणार नाही, ती गोष्ट वेगळी.

आणि यात मध्यरात्र शोधू नका. हे घडलं भर दुपारी, डिचोलीच्या बाहेर, खाणी बंद पडल्या त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात.

गुरुदास सुऱ्या, कोयते, भाजी चिरायच्या आडोळी करायचा. पिढीजात काम. पण स्कूटरवरून पडला आणि उजवा खांदा कामातून गेला. कानस ओढता येईना. ऐन काजूच्या हंगामात गिऱ्हाईक म्हापशाहून तयार माल आणू लागलं. येता-जाता खांद्याची मायेने चौकशी करायचं, आणि नवा कोयता पाठीमागे लपवायचं.

भट्टी विझली तर पुढे काय, हे गुरुदास आणि त्याची बायको शालिनी एकमेकांशी बोलत नव्हते.

विजेवर फिरणारा ग्राइंडर मिळाला तरच सुरी होणार होती. नवा परवडत नव्हता.

डिचोलीला खाणीच्या ट्रकांचं एक गॅरेज बंद झालं होतं. मालक शिवदास वारला होता. त्याची बायको कमलाक्षी सामान विकत होती. नवरा-बायको बसने गेली.

कमलाक्षीने भाव सांगितला. शालिनीने सवयीने तो निम्म्यावर आणला.

"बरा," कमलाक्षी म्हणाली. "आजच घेवन जावा."

शालिनीने तिच्याकडे नीट बघितलं. घासाघीस न करणारी विकणारीण तिला उभ्या जन्मात भेटली नव्हती. तिला ते मुळीच आवडलं नाही.

"तुमी आदी चलवून बघा," ती नवऱ्याला म्हणाली. "माका बघूक आयल्यात तसा उभ्या उभ्या नको."

"तेवा फसलंय, म्हणून तर आता बघतंय," गुरुदास म्हणाला.

त्याने चाकाच्या दगडावर लाकडी मुठीने हलकेच ठोकलं. खणखणीत वाजला. तडा नव्हता. कमलाक्षीने कळशी आणून मशीनशेजारची दगडी डोण काठोकाठ भरली. आणि लगेच बाहेर गेली. शालिनीही तिच्यामागोमाग फणसाच्या सावलीत जाऊन बसली.

गुरुदासने बरोबर आणलेला कोयता चाकाला लावला. ठिणग्या उडाल्या. खांद्याला कळ नाही. किती महिन्यांनी पात्याला धार येत होती… त्याचे डोळे भरून आले.

मागून कोणीतरी म्हणालं…

"पाणी दी."

घोगरा आवाज. गुरुदास दचकला नाही. लोहाराच्या कामात पाणी देणं म्हणजे तापलेलं पातं पाण्यात बुडवणं. पातं निळं पडलं की धार मेली. त्याने बघितलं तर कडेला खरोखर निळी झाक येत होती. गॅरेजातला कोणी जुना माणूस असणार. कामातला दिसतो.

त्याने पातं डोणीत बुडवलं. चर्र झालं.

थोड्या वेळाने पुन्हा…

"पाणी दी."

त्याने पुन्हा बुडवलं.

"पाणी दी रे…"

या वेळी आवाज कानाशी होता.

आणि पातं थंडगार होतं.

गुरुदासने वळून बघितलं.

कोणी नव्हतं.

त्याने डोणीत बघितलं.

डोण कोरडी होती. ना गळती, ना खाली ओल. तळाशी एक थेंब नाही.

बटण बंद करून तो बाहेर आला. ओठ सुकले होते.

"आत कोण आसा?"

कमलाक्षीने आत डोकावूनही बघितलं नाही. "काय म्हणालो?"

"पाणी दी."



"आमचे घरकार गेले त्या दिसा माझो भाव गोकुळदास थय होतो. ते मशिनीर बसलले. छातीत कळ आयली. पाणी दी, म्हणाले. भावान तेंच्या हातातला पाता घेतला… आनी डोणीत बुडयला. ते परत म्हणाले. भावान परत बुडयला."

तिने रिकामी कळशी उपडी घातली.

"मगे म्हणाले नाय."

शालिनी उठली. "चला."

गुरुदास उठेना.

"चला, म्हणतंय मां तुमका."

"आनी खाव काय?"

शालिनीने कमरेचे पैसे काढून मोजले.

ग्राइंडर पेडण्यात आला.

रोज सकाळी शालिनी मशीनवर पिण्याच्या पाण्याचा तांब्या भरून ठेवायची. गुरुदास त्याला तोंड लावत नसे. संध्याकाळी तांब्या रिकामा असायचा. आवाज आला नाही. गिऱ्हाईक परतलं, आणि खांद्याची चौकशी बंद झाली. पुढचा पावसाळा सुखात गेला.

दिवाळीच्या सुमाराला काम चालू असताना पुन्हा कोणीतरी बोललं. आता घसा कोरडा नव्हता.

"ऊठ. माका बसूक दी."

गुरुदास उठला.

त्यानंतरच्या हंगामात काजूचा बागायतदार बाबली कोयता न्यायला आला. गुरुदास अंगणात बसला होता. आत घासण्याचा आवाज चालू होता.

"कामाक माणूस ठेवलंस? शेट झालंस मरे."

"नाय ठेवलंय."

"मगे आत कोण?"

 शालिनीने दारात येऊन हळूच विचारलं, "बाबली, तुमच्याकडे लायट आसा?"

"नाय. सकाळपासून गेल्या…"

बाबलीचं वाक्य तिथेच राहिलं.

"कोणाक सांगू नको," गुरुदास म्हणाला. "पाया पडतंय. लोकांनी माल घेवचो बंद केलो तर आमी मेलों."

 बाबलीने हातातल्या कोयत्याची धार अंगठ्याने बघितली. पुन्हा बघितली.

"आनीक एक दी," तो म्हणाला. "भावाक."

आतला आवाज थांबला.

गुरुदासचा चेहरा उतरला. त्याने भरलेला तांब्या उचलला. उंबऱ्यापर्यंत पोचला नसेल, तोच आतून हाक आली…

पाण्याची नव्हती.

त्याच्या नावाची होती.

शालिनीने त्याचा सदरा धरला. गुरुदासने तिची बोटं एकेक करून सोडवली आणि तो आत गेला.

मशीन पुन्हा सुरू झालं. बाबली अजून सांगतो, त्या वेळी आत घासण्याचे आवाज दोन होते, एक चाकाचा आणि एक कानशीचा.