तिसऱ्या रांगेत थांबलेला कॅमेरा

"ये कबाड़ में नहीं जाएगा, भैया. नीचे उतरिए."

मी दारातूनच सुनावलं. कमलिनीकाकूंच्या क्वार्टरमध्ये एक उंच तरुण स्टुलावर चढून माळ्यावरची खोकी काढत होता. केसांना जळमटं, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वर आणि दोन्ही हातांत व्हिडिओ कॅसेटी. त्याने मान वळवली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "माल तो अच्छा है, बहनजी. पूरा उठा लेंगे."

"उठा लेंगे काय? भंगार नाही हे, मंडळाच्या कॅसेटी आहेत." रागावले की मी मराठीवर येते.

"मग तर अजून जपून उतरवतो," तो म्हणाला. मराठीत... आणि वर हसलाही.

मागच्या अंगणात काकू तांदूळ निवडत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "रत्ना, तो कबाडी नाही गं. केशव आहे. इंदूरचा. कारखान्यात ट्रेनिंगला आलाय, समोरच्या हॉस्टेलात असतो. कबाडी उद्या यायचाय."

मला कानकोंडं झालं. पण माघार घेणं माझ्या रक्तात नाही. मी म्हटलं, "मग उद्या त्यालाही मीच परत पाठवते."

ही गणपतीच्या आधीची, चार महिन्यांपूर्वीची गोष्ट.

माझं नाव रत्नप्रभा. बरखेड्यात, कारखान्याच्या टाउनशिपमध्ये वाढले, बाबा कारखान्यात, मी इंद्रपुरीतल्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते आणि आमच्या मराठी मंडळाची चिटणीस आहे. घरी सगळे मला हट्टी म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. शांतारामकाका, म्हणजे काकूंचे यजमान, मंडळाचे कॅमेरावाले होते. पंचवीस वर्षं टाउनशिपमधली नाटकं, मुंजी, लग्नं, हळदीकुंकू त्यांनी खांद्यावर कॅमेरा धरून टिपली. निवृत्त झाल्यावर सगळ्या कॅसेटी एकेक करून कॉम्प्युटरवर चढवल्या. आठशे सदतीस फायली. नावं मात्र नुसते आकडे. कुठल्या आकड्यात काय आहे ते एका वहीत लिहिलेलं होतं. काका गेले आणि पाठोपाठ ती वही वाळवीने खाल्ली.

"जाऊ दे ती कॅमेऱ्याची पीडा," काकू म्हणाल्या. "माझी सवत होती ती. एका कार्यक्रमाला हा माणूस माझ्या शेजारी बसला नाही. पंचवीस वर्षं माझ्या बाजूची खुर्ची रिकामी. डिसेंबरात नागपूरला मुलाकडे जाणार मी, तिथे हे ओझं कशाला?"

डिसेंबरच्या अठ्ठावीस तारखेला मंडळाचा सुवर्णमहोत्सव होता. निम्मी घरं निवृत्त होऊन पुण्याला, नागपूरला, इंदूरला पांगायला निघालेली. मी तिथेच ठरवलं, त्या दिवशी प्रत्येक घराच्या हातात हा सगळा खजिना ठेवायचा. पण आठशे फायली उघडून कोण बघणार? कोणाला आपलं लग्न कसं सापडणार?

"थंबनेल," केशव स्टुलावरून उतरत म्हणाला. "प्रत्येक फाइलवर नखाएवढं चित्र. फाइल उघडायचीच नाही, नुसत्या चित्रावरून कळेल आत काय आहे. एवढ्या फायली हाताने नाही होणार, पण प्रोग्रॅम लिहिला तर सगळ्यांची चित्रं आपोआप निघतील. मी लिहू शकतो... म्हणजे, कबाडी उद्या येणार नसेल तर."

"नाही येणार," मी म्हटलं.

त्याला माळ्यावर काकांचा कॅमेराही सापडला. काकूंना विचारून त्याने तो पुसला, चालू केला, आणि त्या वर्षीच्या गणपतीपासून मंडळाचं शूटिंग तोच करू लागला.

दर रविवारी सकाळी काकूंच्या अंगणात आम्ही त्याचा लॅपटॉप उघडून बसायचो. पहिला प्रोग्रॅम त्याने मोठ्या तोऱ्यात चालवला. प्रत्येक फाइलच्या पाचव्या मिनिटाचं चित्र. पुढच्या रविवारी आम्ही बघायला बसलो आणि पडदाभर समया दिसल्या. शंभर चित्रं, दोनशे चित्रं... आणि प्रत्येकात तीच पितळेची समई, कोणीतरी साहेब हातात मेणबत्ती घेऊन वाकलेला, आणि शेजारी ताट धरलेली एक मुलगी.

"पाचव्या मिनिटाला आमच्याकडे दीपप्रज्वलन असतं," मी हसू दाबत म्हणाले.

"प्रत्येक वेळी? पंचवीस वर्षं?"

"मंडळाला शिस्त आहे."

त्याने विसावं मिनिट धरलं. सगळीकडे पाहुण्यांना पुष्पगुच्छ. चाळिसावं धरलं, तर प्रास्ताविक. तो डोक्याला हात लावून म्हणाला, "तुमचं मंडळ कार्यक्रम सुरू कधी करून राहिलंय, ते एकदा सांगून टाक ना."

तो पहिल्यांदाच मला तू म्हणाला. दोघांच्याही ते लक्षात आलं. त्याने घाईने लॅपटॉपकडे पाहिलं, मी काकूंच्या तुळशीकडे.

"तूच शोध," मी म्हटलं.

मला त्या रविवारांची सवय लागली. सोमवारी कारखान्याचा भोंगा वाजला की मी पुढच्या रविवारचे दिवस मोजू लागायचे. दिवाळीनंतर एकदा तो सहज म्हणाला, "हैदराबादची नोकरी पक्की झाली. ट्रेनिंग एकतीसला संपतं, त्याच दिवशी गाडी आहे." मी अभिनंदन केलं. घरी येऊन चिडचिड केली आणि आईने विचारल्यावर शाळेचं कारण सांगितलं. काम संपलं की तो जाणार होता. काम रखडलं तरी जाणारच होता, फक्त मग खजिनाही हातात पडणार नव्हता. म्हणून मी ठरवलं की काम पूर्ण करायचंच, आणि चांगलं करायचं. पण प्रत्येक फाइल पुढे सरकली की मी उरलेले रविवार मोजायचे.

उपाय शेवटी मलाच सुचला. नोव्हेंबरच्या उन्हात काकू मटार सोलत होत्या, आम्ही काकांची एक फाइल पाहत होतो, आणि चित्र सारखं डोलत होतं. स्टेजवरून पडद्यावर, पडद्यावरून प्रेक्षकांत.

"स्टँड वापरायचे नाहीत ते," काकू म्हणाल्या. "म्हणायचे, स्टँड लावला की डोळा आळशी होतो."

"केशव," मी म्हटलं, "म्हणजे कॅमेरा जिथे थांबलाय, तिथे तो काकांनी मुद्दाम थांबवलाय. काहीतरी बघण्यासारखं असणार तिथे. मिनिटं कशाला मोजायची? प्रत्येक फाइलमध्ये कॅमेरा सगळ्यात जास्त वेळ न हलता जिथे थांबलाय, तिथलं चित्र घे."

तो माझ्याकडे पाहत राहिला. जरा जास्तच वेळ.

"काय?" मी विचारलं.

"काही नाही... जमेल ते."

पुढच्या रविवारी समया गेल्या होत्या. पडदाभर माणसं होती. आंतरपाटाआडून डोकावणारी नवरी, नाटकात मिशी निसटलेला कोणी, जेवणाच्या पंगतीत पोट धरून हसणारे माझेच बाबा. मी एकेक चित्र सरकवत होते आणि मध्येच थांबले.

"केशव, ही बाई बघ. तिसरी रांग, कडेची खुर्ची."

"मघाशीही होती. हिरव्या शालीत."

आम्ही मागे गेलो, पुढे गेलो. हिरवी शाल, निळी शाल, मग चष्मा, मग पांढरे होत गेलेले केस. कधी टाळ्या वाजवताना, कधी पेंगताना, कधी पुढच्या रांगेतल्या मैत्रिणीच्या कानाशी लागलेली. शेजारची खुर्ची रिकामी. स्टेजवर कोणीही असो, काकांचा कॅमेरा फिरून फिरून तिथेच येऊन थांबलेला. आम्ही मोजलं. दोनशे बारा चित्रं, सगळ्यांत काकू.

केशवने लॅपटॉप उचलून, आजही मटार सोलत बसलेल्या काकूंच्या पुढ्यात ठेवला. काकूंनी चष्मा लावला. एक चित्र पाहिलं, दुसरं पाहिलं. मग स्वतःच बोटाने सरकवू लागल्या. मटारांचं ताट मांडीवरून कधी कलंडलं ते त्यांना कळलं नाही.

"गाढव," शेवटच्या चित्रावर बोट ठेवून त्या म्हणाल्या. "सांगायचं तरी."

मग पदराने डोळे पुसले आणि चहा टाकायला आत गेल्या. मी मागोमाग गेले. गॅसकडे तोंड करूनच त्या म्हणाल्या, "मला प्रेम हवं होतंच गं, पण शेजारी बसलेलं. मागे उभं राहिलेलं दिसत नाही माणसाला. तू लक्षात ठेव हे."

"मी कशाला?" मी म्हटलं. त्यांनी चहात आलं किसलं.

वीस डिसेंबरला केशवने पेन ड्राइव्ह माझ्या हातात ठेवला. "झालं. सगळ्यांना चित्रं लागली."

मी शिक्षिका आहे, हजेरी घेतल्याशिवाय मला राहवत नाही. काकांच्या आठशे सदतीस आणि या वर्षीच्या त्याने काढलेल्या नऊ, मिळून आठशे सेहेचाळीस. चित्रं होती आठशे सदतीस. त्या नऊ फायलींवर नुसता राखाडी चौकोन.

"या राहिल्या," मी म्हटलं.

"त्या खराब आहेत. करप्ट."

"नऊच्या नऊ?"

"कॅमेरा जुना आहे ना." तो बुटाची नाडी बांधू लागला. नाडी आधीच बांधलेली होती.

"एकही चौकोन रिकामा राहणार नाही, केशव."

"रत्ना, राहू दे ना यार..."

मी राहू देणाऱ्यातली नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या लॅबमध्ये मी त्या नऊतली पहिली फाइल उघडली. छान चालली. त्याचा प्रोग्रॅम माझ्याकडे होताच. नऊ फायली त्यात घातल्या आणि डबा उघडून बसले. पोळीचा पहिला घास हातातच राहिला.

गणपतीची आरती. चित्रात मी, कापूर विझू नये म्हणून हाताचा आडोसा धरलेली. कोजागिरी. मी, आचाऱ्याशी भांडताना. दिवाळी पहाट. मी, दातांत केसाची पिन धरून अंबाडा बांधताना. वक्त्याचं भाषण. मी, जांभई देताना. खुर्च्या मोजताना मी, फुगलेल्या नाकाने अध्यक्षांशी वाद घालताना मी... नऊच्या नऊ वेळा. सगळ्यात लांब थांबलेला कॅमेरा.

घंटा झाली. मुलं आत आली आणि एकीने विचारलं, "मॅम, आप रो रहे हो कि हँस रहे हो?" मी डबा बंद केला आणि फळा पुसायला वळले.

त्याला फोन करावासा वाटला. केला नाही. काकू काय म्हणाल्या ते मला आठवत होतं, आणि मी काय करायचं ते ठरवून टाकलं होतं.

अठ्ठावीस तारखेला हॉल खच्चून भरला. सतरंज्या, स्वेटर, मोगऱ्याऐवजी शेवंतीचे गजरे. केशव कॅमेरा खांद्याला लावून मागच्या भिंतीशी उभा. मी सरळ त्याच्यापाशी गेले, कॅमेरा काढून घेतला आणि शाळेतून मागून आणलेल्या स्टँडवर बसवला. स्टेजच्या कडेला, प्रेक्षकांकडे तोंड करून.

"अरे, कार्यक्रम तिकडे आहे," तो म्हणाला.

"तो पंचवीस वर्षं टिपून झालाय. चल."

"शूटिंग कोण करणार?"

"कॅमेरा करेल. तू बसणार आहेस."

तिसऱ्या रांगेत कडेच्या दोन खुर्च्यांवर मी आधीच रुमाल टाकून ठेवले होते. आमच्या मागेच काकू, हिरव्या शालीत. पाचव्या मिनिटाला दीपप्रज्वलन झालं, विसाव्याला पुष्पगुच्छ. मग घराघरांना पेन ड्राइव्ह वाटले. "पंगतीत हसतोय तो मीच," असं बाबा सगळ्यांना सांगत सुटले. त्यानंतर पाहुण्यांचं भाषण सुरू झालं, आणि केशव समोर बघतच हळू आवाजात म्हणाला, "सकाळी वाटायचे ड्राइव्ह तपासले मी. आठशे सेहेचाळीस चित्रं आहेत."

"हो."

"म्हणजे तू बघितलं."

"नऊ वेळा. जांभईचं काढून टाकलं असतं तरी चाललं असतं."

"ते सगळ्यात चांगलं आहे." तो थांबला. "मी सांगणार होतो. मग हैदराबाद आलं... वाटलं, जाता जाता कशाला..."

"काकांनाही तसंच वाटलं असेल. पंचवीस वर्षं." माझा आवाज जरा चढला, पुढच्या रांगेतल्या निर्मलामावशींनी वळून पाहिलं. मी आवाज खाली आणला, बोलणं मात्र सोडलं नाही. "मला तू आवडतोस, केशव. स्टुलावर होतास तेव्हापासून. हैदराबादला खुशाल जा, पण मला माझ्या बाजूची खुर्ची रिकामी ठेवायची नाही. तू यायचं, नाहीतर मी येईन. मध्येच कुठेतरी मागे उभं राहायचं नाही. कबूल?"

तो माझ्याकडे वळला. पहिल्यांदाच मधे कॅमेरा नव्हता, लॅपटॉप नव्हता, काकूंची तुळस नव्हती.

"कबूल," तो म्हणाला. "संक्रांतीला आईला घेऊन येतो. तुझ्या घरी." आणि मग, "माझंही तेच आहे, रत्ना... पण माझं कळायला प्रोग्रॅम लागला."

एकतीसला गाडी सुटायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून त्याने सुवर्णमहोत्सवाची, आठशे सत्तेचाळिसावी फाइल प्रोग्रॅममध्ये घातली. "कॅमेरा हललाच नाहीये," तो म्हणाला. "अशा वेळी तो बरोबर मधलं चित्र उचलतो. भाषणाचं असेल."

भाषणाचंच होतं. अख्खा हॉल स्टेजकडे पाहतोय. तिसऱ्या रांगेत कडेला दोघं तेवढी एकमेकांकडे पाहतायत. आणि त्यांच्या मागे, हिरव्या शालीतल्या काकूंनी आपला हात शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर ठेवलाय, तिथे कोणी बसलेलं असावं तसा.