नळी माझ्या हातात होती

ही गोष्ट खरी आहे. खोटंच सांगायचं असतं, तर त्यात माझी एवढी शोभा करून घेतली नसती.

नारीन गाव. मार्चमधला गुरुवार, भर दुपार.

सादिर उस्तादांचं गॅरेज. उस्ताद थकले होते. ज्याचं इंजिन ठोका न देता चालेल त्याला गॅरेज देईन, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. शागीर्द मी एकटाच उरलो होतो. दुसरा, एर्मेक, दोन वर्षांपूर्वी घाटात कोसळलेल्या बर्फाच्या कड्याखाली सापडून मेला.

तरी मी त्याच्यावर जळायचो.

"एर्मेकचं इंजिन मांजरासारखं गुरगुरायचं," उस्ताद म्हणायचे. "तुझं खोकतं."

त्या दिवशी ट्रकचं डिझेल इंजिन मी एकट्याने बांधून चाचणीच्या लोखंडी घोडीवर चढवलं होतं. शेजारच्या खोलीत उस्तादांची बायको, आपा, एर्मेकच्या नावाने बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळत होती. गुरुवारी तळणाचा वास मेलेल्यांना पोचतो, असं आमच्याकडे मानतात.

"आजचा दिवस थांब, पोरा," ती म्हणाली. "तळण चालू असताना नवं यंत्र सुरू करू नये."

"त्याच्यासाठी मी का थांबू, आपा?"

मी डिझेलची नळी घ्यायला वळलो.

मागे... इंजिन सुरू झालं.

नळी माझ्या हातात होती.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, हवा तापते, तिच्यात डिझेलचा फवारा पेटतो. डिझेलच नसेल तर पेटणार काय?

धूर नव्हता. धुराच्या पाइपाला हात लावला... थंडगार.

चारही सिलिंडर एका लयीत चालले होते. ठोका नाही.

उस्तादांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली. त्यांचे डोळे भरून आले.

"हा त्याचाच हात," ते म्हणाले.

माझ्या अंगावर काटा आला. पण भीतीपेक्षा राग मोठा होता. सहा महिने मी मरमर मेलो, आणि शाबासकी हा मेलेला घेऊन चालला.

"हे माझं इंजिन आहे, एर्मेक," मी ओरडलो. "हात काढ."

...बंद.

मी नळी जोडली, स्टार्टर दिला. इंजिन चालू झालं.

टक्. टक्. टक्.

उस्तादांनी पुन्हा कान लावला.

"हां," ते म्हणाले. "हे तुझं."

तेव्हापासून तीनदा खोललंय. बेअरिंग, रिंगा, सगळं मापात आहे, तरी ठोका तसाच. गॅरेज अजून मला मिळालेलं नाही.

परवा गुरुवारी, शेजारी तळण चालू असताना, गॅरेजात कोणी नाही असं पाहून मी हळूच म्हणालो, "एर्मेक, एकदाच हात लाव."

त्याने ऐकलं, एवढं मला नक्की कळलं. हात मात्र लावला नाही.