आवळीची लोकर

पद्मजेचे हात रिकामे कुणी पाहिले नव्हते. दूध उतू जाऊ नये म्हणून शेगडीपाशी उभी राहिली तरी काखेत लोकरीचा गुंडा आणि हातात सुया असायच्याच. कीर्तनाला जाताना मात्र ती विणकामाची पिशवी खुंटीला लावून जायची. "देवापुढं हात टाळीसाठी मोकळे पाहिजेत," असं सासूबाईंचं म्हणणं होतं, आणि ते तिलाही मनापासून पटलेलं होतं.

सासूबाईंना सगळे माई म्हणत. शुक्रवार पेठेतल्या त्या घरात माई, थोरले दीर यज्ञेश्वर, जाऊ श्यामला, पद्मजेचा नवरा वसंत आणि पाच वर्षांची चारू, एवढी माणसं. श्यामलेला मूल नव्हतं. चारू तिला काकू म्हणायची आणि दिवसातला निम्मा वेळ तिच्याच मांडीवर असायची. यात वाईट काही नव्हतं. पण पद्मजेच्या मनात ते कुसळासारखं राहायचं. दिसायचं नाही, टोचायचं मात्र.

सासरे वनखात्यात होते. ते गेले, पण त्यांची एक रीत मागं राहिली. दर ऋतूत एकदा सगळ्या घरानं रानात जेवायचं. कार्तिकात आवळीखाली, माघात उन्हाला बसायला, वैशाखात करवंदांना आणि श्रावणात पाऊस बघायला. जागाही ठरलेली. गगनबावड्याच्या अलीकडं एस.टी.तून उतरायचं, केरबाच्या घरी पाणी प्यायचं आणि पायवाटेनं आत शिरायचं. केरबा सासऱ्यांच्या हाताखाली रानाचा राखणदार होता. आता शेती बघायचा, पण माईंना देवासारखं मानायचा.

शहात्तर सालच्या कार्तिकात सगळे असेच गेले. आवळी जुनी, खोड दोघांच्या कवेत मावेल एवढं, खाली बारीक पानांचा पिवळा सडा. पूजेचं ताट मांडलं आणि माईंच्या लक्षात आलं, झाडाला वेढायचं सूत घरीच राहिलं.

"आता गं?" माई म्हणाल्या. "श्यामले, तुला सांगितलं होतं."

"मला नाही हो, पद्माला सांगितलं होतंत."

"कुणालाही सांगितलं असो, सूत काही चालत येणार नाही!" वसंत हसला. "माई, हिच्या पिशवीत मारुतीच्या शेपटाएवढी लोकर आहे. ती घ्या."

माईंनी क्षणभर विचार केला. "लोकर चालते की. सोवळ्याला लोकरीची धाबळी चालते, मग झाडाला का नाही? दे गं पद्मा. पण तोडू नकोस हं, धागा अखंड लागतो."

पिशवीत चारूसाठी घातलेला मोरपंखी स्वेटर होता, पाठीचा भाग जेमतेम सुरू झालेला. सुईवरचं विणकाम पद्मजेनं हातात धरलं, आणि त्यालाच जोडलेला गुंडा घेऊन माई आवळीभोवती फिरल्या. वेढ्यांवर वेढे बसले. हळदकुंकू झालं, केरबाची बायको बाळाबाई पाया पडून गेली, नैवेद्याचं पान झाडापाशी ठेवलं, मग पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात.

जेवणं झाल्यावर पुरुष आडवे झाले, माईंचाही डोळा लागला. पद्मजा झाडाकडं बघत बसली. निम्मा गुंडा खोडाला होता. पुन्हा लोकर आणायची म्हटलं तर हीच छटा मिळेल याची खात्री नाही. रंगाचा घाणा बदलला की पाठ एका रंगाची आणि पोट दुसऱ्या रंगाचं होतं, हे कुठलीही विणणारी बाई सांगेल. पूजा तर झाली, देवाला पोचली, असं स्वतःशी म्हणत ती उठली आणि वेढे उलटे उलगडत गुंडा पुन्हा गुंडाळून घेतला. लोकरीला हळद लागली होती, तेवढी झटकली.

वळून बघते तर श्यामला जागी. ती कूस बदलून झोपली.

माघात पुन्हा गेले. ऊन छान होतं, रानात मोहोराचा वास होता. पद्मजेनं पाठीचा भाग काखेपर्यंत आणला होता. पानं वाढायला म्हणून तिनं विणकाम चटईवर ठेवलं. जेवून परत हातात घेतलं, तर बोटं थबकली.

विणकाम पुढं गेलं होतं.

थोडंच, चार बोटं. पण तो हात तिचा नव्हता. पद्मजेचा हात सैल, टाके मऊ पडायचे. हे टाके घट्ट होते, एकमेकांना चिकटून बसलेले, सुई घालायला जागा नाही असे. चूक मात्र एकही नव्हती.

घरात असा घट्ट हात एकीचाच होता. लग्नाआधी श्यामला विणायची.

"वहिनी, माझं विणकाम तुम्ही घेतलं होतं?"

"मी? मी पानं उचलत होते की तुझ्याबरोबर."

"नाही, विचारलं आपलं."

"असं विचारतात होय?" श्यामला म्हणाली आणि तोंड फिरवून भांडी घासायला लागली.

परतताना केरबाच्या दारात बाळाबाई ताक घेऊन आली. पिशवीतून डोकावणारा मोरपंखी रंग तिला दिसला. "ही त्या दिशीचीच लोकर न्हवं, वैनी? झाडाला हुती ती?"

"हो. का गं?"

बाळाबाईनं पदराला हात पुसले. "न्हाय, आपलं इचारलं," ती म्हणाली. एरवी चारूला उचलून घेणारी ती बाई त्या दिवशी उंबऱ्याच्या आतच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पद्मजा माजघरात ते परके टाके उसवायला बसली. चारू पलीकडच्या खोलीत माईंजवळ निजली होती. पद्मजेनं सुई काढली, धागा ओढला. ओळ सरसर सुटली.

"आई, पांघरूण ओढू नको ना," पलीकडून चारूचा झोपेतला आवाज आला.

पद्मजेनं आणखी एक ओळ ओढली.

"आई गं! पाठीला गार लागतंय!"

ती धावत गेली. चारूच्या अंगावर माईंची गोधडी हनुवटीपर्यंत होती. माई घोरत होत्या. चारूची पाठ मात्र रांजणासारखी गार होती. पद्मजेनं तिला पोटाशी घेतलं. संध्याकाळी दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणाले, ताप नाही, काही नाही, लेकरू ठणठणीत आहे. घरी येऊन पद्मजेनं उसवलेल्या ओळी मुकाट पुन्हा विणल्या. जमेल तेवढा हात घट्ट धरून. तेव्हा कुठं चारूची पाठ हळूहळू उबदार झाली.

त्यानंतर तिचा श्यामलेवरचा डोळा हटेना. श्यामला चारूची वेणी घालायला बसली की ही दारात. श्यामलेनं चारूला भरवलं की ही नंतर ताट बघायची. चारूचा जुना परकर वाळत घालताना श्यामलेनं तो अंगाशी धरून बघितला, तर पद्मजेला वाटलं, ही माप घेते. घरात बोलणं कमी झालं. एकदा वसंतच म्हणाला, "तुझं काय बिनसलंय? वहिनी रडत होत्या."

"रडणाऱ्याच्या मनात काय असतं, ते कुणाला कळतंय?" ती म्हणाली, आणि आपणच बोललो का हे, असं तिला वाटलं.

चैत्रात देवळात कीर्तन होतं. बुवा रंगात आले होते. एका बाईची गोष्ट सांगत होते. तिनं देवीची ओटी भरली, खण मोठा सुरेख होता, म्हणून रात्रीतून परत उचलला आणि त्याचं पोलकं शिवलं. "आणि मायबाप, पहिल्या पावसात पोलकं असं आटलं, असं आटलं, की बाईला ते काढता येईना!" मंडप हसून लोटपोट झाला. माईंनी तर टाळी दिली. पद्मजेची टाळी वाजेना.

वैशाखात श्यामला रानात आली नाही. ती आधीच नृसिंहवाडीला सेवेला गेली होती. पद्मजेला बरंच वाटलं. आता दूध का दूध होईल. या खेपेला तिनं पिशवी मांडीवरून खाली ठेवलीच नाही. तोंड नाडीनं आवळलं आणि नाडी मनगटाला गुंडाळली.

करवंदाच्या जाळ्या काळ्याभोर झाल्या होत्या. किरकिऱ्यांचा आवाज डोक्यात शिरत होता. मग तो एकदम थांबला. पद्मजेनं मान वर केली. चारू दिसेना.

पिशवी छातीशी धरून ती पळत सुटली.

चारू आवळीखाली होती. दोन्ही हात आडवे पसरून, हनुवटी वर करून, अगदी स्थिर उभी. शिंप्यापुढं उभी राहावी तशी.

"काय करतेस गं इथं?"

"हलू नको म्हणाली."

"कोण?"

"काकू," चारू म्हणाली. हात तसेच.

पद्मजेनं तिला उचललं. जोरात उचललं, पोर कळवळली. केरबा आला, त्यानं झाडाकडं पाहिलं. "चला माई, ऊन लई हाय, घरला चला," एवढंच म्हणाला आणि सगळ्यांच्या मागं राहून चालला.

एस.टी.त बसल्यावर तिनं मनगटाची नाडी सोडली. सकाळी निघताना सुईवर नुसती अर्धी पाठ होती. पाठ पुरी झाली होती, पोट पुरं झालं होतं, गळाही बंद झाला होता. एक बाही कोपरापर्यंत आली होती. दुसरीचे टाके सुईवर घालून ठेवले होते.

दोन दिवसांनी श्यामला वाडीहून आली. चारूसाठी कवठाची बर्फी, माईंना अंगारा. पद्मजेनं तरी तिच्यासोबत गेलेल्या शेजारच्या अंबूबाईंना आडून विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, आम्ही घाटाच्या पायऱ्यांवरून हललोच नाही! का गं?"

त्या दुपारी पद्मजेनं श्यामलेला सगळं सांगितलं. सांगताना स्वेटर दोघींच्या मध्ये होता. श्यामलेनं टाक्यांवरून बोट फिरवलं आणि लगेच मागं घेतलं.

"तू वेढे काढत होतीस ना, मी बघत होते," ती म्हणाली. "बोलले नाही. म्हटलं, तुला वाटेल मोठेपणा करते."

"वहिनी, माझ्या पोरीला काही होणार नाही ना?"

"तुझ्या एकटीची आहे का ती?" श्यामला म्हणाली, आणि मग दोघी रडल्या.

श्रावणात त्या गेल्या ते लोकर परत करायलाच. गगनबावड्याचा पाऊस म्हणजे आकाश नि जमीन वेगळी कळत नाही असा. चारूला झाडाजवळ न्यायचंच नाही, असं ठरलं होतं. ती माईंबरोबर केरबाच्या चुलीपाशी बसली. दोघी जावा डोक्यावर इरली घेऊन चिखलातून गेल्या. शेवाळलेलं खोड काळं दिसत होतं. पद्मजेनं उरलेला गुंडा झाडाला वेढला, होती तेवढी सगळी लोकर, आणि स्वेटर सुयांसकट बुंध्याशी ठेवला. दोघींनी हात जोडले.

"चुकले," पद्मजा म्हणाली. "माझंच चुकलं. तिला सोड."

पाऊस पडत राहिला. बाकी काही झालं नाही.

केरबाच्या घरात चारू नाचणीची भाकरी दुधात कुस्करून खात होती. आईला बघून हसली. अंग उबदार, गाल लाल. बाळाबाईनं आज तिला मांडीवर घेतलं होतं. पद्मजेला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीत श्यामला चारूला आंघोळ घालत होती.

"पद्मा," तिनं हाक मारली. आवाज हळू होता. "जरा ये."

वाफेत चारू पाठमोरी बसली होती. तिच्या पाठीवर वळ उठले होते. घट्ट मोजे काढल्यावर पायावर उठतात तसे. बारीक, एकमेकांना चिकटून बसलेले टाके, ओळीखाली ओळ. पाठभर, पोटभर, गळ्याभोवती.

तो स्वेटर चारूच्या अंगात कधी घातलाच नव्हता.

"दुखतं का गं?" पद्मजेनं विचारलं.

"नाही. ऊब लागते."

डाव्या हातावर वळ कोपरापर्यंत होते. उजव्या हातावर काहीच नव्हतं, फक्त खांद्याशी टाक्यांचं एक कडं. श्यामलेनं खोबरेल तेल लावलं, चोळलं. ते गेले नाहीत. वसंतला दोघींनी सांगितलं नाही, माईंनाही नाही. चारूला लांब बाह्यांचा झगा घातला आणि दिवसभर एकमेकींकडं न बघता कामं केली.

त्या रात्री चारूला मध्ये घेऊन दोघी जावा एकाच अंथरुणावर निजल्या. पद्मजेनं तिचा डावा हात आपल्या मुठीत धरून ठेवला होता.

उजाडल्यावर तिनं बाही वर सारली. कोपराखाली एक नवी ओळ होती. वरच्या सगळ्या ओळी फिकट पडल्या होत्या. ही अजून लाल होती.