साबेचं मुसळ

नदीकाठच्या त्या भातमळ्यावर बायना आणि साबे या दोघी गुलाम बायका एकाच उखळात भात सडायच्या. एकीचं मुसळ वर, दुसरीचं खाली. दिवसभर चिखलात वाकून निंदणी केली तरी मालकाच्या कोठारासाठी सडण उरायचंच. बोलायला दम नसायचा. मुसळंच काय ती बोलायची.

मग एका सकाळी मालकाने साबेला विकलं. तिला सव्हाना शहरातल्या गुलामांच्या बाजाराकडे निघालेल्या नावेत चढवलं, तेव्हा बायना शेतात होती. परतली तर उखळापाशी मुकादम क्वाश उभा. तोही गुलामच, पण चाबूक त्याच्या हाती.

"दोघींचं सडण आज तू एकटीने करायचंस, बायने. दिवस मावळायच्या आत."

"आणि नाही झालं तर?"

"मला कशाला विचारतेस?" तो जमिनीकडे बघत म्हणाला.

बायना सडू लागली. खांदे भरून आले, तळहाताचे फोड फुटले. मग तिच्या लक्षात आलं, आपलं मुसळ वर असतानाही उखळातले दाणे उडतायत. वाऱ्याने असेल, असं तिने धरलं. पण घाव दोन ऐकू येत होते. तिने मान वर केली नाही. बघितलं तर थांबेल, अशी भीती वाटली.

उन्हं कलली तेव्हा सगळा तांदूळ सडून झाला होता. क्वाशने तो मुठीत घेऊन चाचपला.

"कोण आलं होतं मदतीला?"

"कोण येणार?"

भिंतीशी टेकलेल्या साबेच्या मुसळाला त्याने हात लावला आणि झटकन मागे घेतला. धरायच्या जागी ते ओलं होतं. नदीच्या गाळाचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी त्याने मिंडा नावाची तरणी बाई जोडीला आणली. जाताना बायनाला हळूच म्हणाला, "साबे पोचलीच नाही. नावेतून उडी टाकली तिने. हात बांधलेले होते."

बायनाने उखळात भात ओतला. रडायलाही अंगात त्राण लागतं.

मिंडाने साबेचं मुसळ ओढलं. ते हललं नाही. पुन्हा ओढलं.

"मावशी, कुणीतरी धरलंय."

बायनाने तिकडे बघितलं नाही.

"सोड गं," ती म्हणाली. "पोरीला मार बसेल."

मुसळ सुटलं.

बायनाने आपलं उचललं. ते एकाएकी हलकं झालं होतं, आणि तिच्या दोन्ही मुठींवरून गार पाणी ओघळत होतं.