अकरावं नाव

यातलं एकही नाव मी बदललेलं नाही. असले अनुभव लिहिताना लोक नावं बदलतात, मला माहीत आहे. पण नावं बदलण्याचा मी आता धसका घेतलाय. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल हसावं. त्या दुपारपर्यंत मीही हसतच होतो.

हो, दुपारच. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती.

१४ सप्टेंबर २०२५, रविवार. पितृपक्ष चालू होता. पनवेल, खांदा कॉलनी, तिसरा मजला.

मी दीपेश. घरात बायको अनुया, तीन वर्षांची मुलगी पूर्वी, धाकटा भाऊ प्रितम आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आमचे आजोबा, बळीराम. आम्ही आगरी. गाव खाडीकाठचं. आधी तिथे मिठागरं होती. आता तिथे कंटेनर उभे असतात आणि आम्ही फ्लॅटमध्ये राहतो.

मला कॉम्प्युटरवर फुटबॉल मॅनेजरचा गेम खेळायचं वेड. त्यात आपण स्वतः खेळत नाही. आपण क्लबचे मॅनेजर. टीम निवडायची, डावपेच सांगायचे आणि मॅच बघायची. मैदानावर खेळाडू म्हणजे नुसते ठिपके, ठिपक्याखाली नाव. एकच डाव कितीतरी वर्षं पुढे नेता येतो, त्याला सेव्ह म्हणतात.

त्या रविवारी मी नवा सेव्ह काढला. फुटबॉल नुकता सुरू झाला होता ना, त्या काळासारखा. नियम माझेच. सगळे खेळाडू एकाच गावचे. कोणाला विकत घ्यायचं नाही, विकायचं नाही. दोन मागे, तीन मधे, पाच पुढे. आणि बदली खेळाडू नाही. त्या काळी नसायचाच. एखादा पडला तर उरलेल्या दहांनी खेळायचं.

गाव कुठलं घ्यायचं? आमचंच.

कारण आमच्या गावाची खरोखर एक टीम होती. आजोबांच्या तरुणपणी मिठागरावरची अकरा पोरं पायाला चिंध्या गुंडाळून खेळायची. एकदा होडीने खाडीपलीकडे मॅचला निघाली. आजोबांना ताप होता, ते गेले नाहीत. दहाच जण खेळले. हरले. आणि येताना होडी उलटली...

दहापैकी एकही परत आला नाही.

तेव्हापासून आजोबा दर पितृपक्षात त्या दहांची पानं वेगळी वाढत आले होते. प्रत्येकाचं नाव मोठ्याने घेऊन. आणि आमच्या घरात त्याचा एक कडक रिवाज आहे. पहिलं नाव घेतलं की कावळा पानाला शिवेपर्यंत कोणी कोणाला नावाने हाक मारायची नाही. "ए", "अहो", "इकडे बघ", जे काय ते. जिवंत माणसाचं नाव त्या नावांत मिसळायचं नाही.

लहानपणापासून हे पाळत आलोय. त्या दिवशीच कशी अवदसा आठवली, देव जाणे.

बाराच्या सुमारास आजोबा गॅलरीत बसले. मी आत लॅपटॉपवर.

"कासीराम... बुधाजी... दिनानाथ..."

ते एकेक नाव घेत होते आणि मी ते टाइप करत होतो. चेष्टा म्हणून नाही. त्या टीमचा एक फोटो नाही, कुठे एक ओळ लिहिलेली नाही. म्हटलं, निदान माझ्या गेममध्ये तरी खेळू देत बिचारे.

दहा नावं झाली. गेमला अकरा लागतात.

सेंटर हाफची, मधल्या तिघांतली मधली जागा रिकामी होती. ती आजोबांची. पण हात धजावला नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा जिता माणूस, त्याला मेलेल्यांच्या रांगेत कशाला बसवा? मी प्रितमचं नाव टाकलं. चोवीस वर्षांचा धडधाकट पोरगा, त्याला काय होणार?

आणि वर हाक मारली, "ए प्रितम! ये, तुला टीममध्ये घेतलंय!"

गॅलरीतला आवाज बंद झाला.

"कोनाचा नाव घेतलास रं?"

"काय नाय आजोबा. गेम हाय."

प्रितम आला, स्क्रीनवर वाकून बघू लागला.

"दादूस, सेंटर हाफ? मी फॉरवर्ड हाय!"

"घरात पाण्याचा ग्लास उचलत नाहीस, आणि फॉरवर्ड म्हणे."

हसत हसत गेला तो. कॉलनीतल्या टर्फवर त्यांचा चारचा स्लॉट होता.

दोन वाजले. तीन वाजले...

कावळा आला नाही. दहा पानं तशीच पडून. आजोबाही तिथेच बसून.

पहिली मॅच आम्ही चार-एकने जिंकली. मी खूश. सव्वाचारला दुसरी लावली.

पंधराव्या मिनिटाला प्रेक्षकांचा आवाज गेला. मला वाटलं स्पीकर बिघडला. आवाज वाढवला...

चप.

मग थोडी शांतता... चप... चप...

खाडीकाठच्या माणसाला हा आवाज ओळखायला वेळ लागत नाही. वल्हं मारल्याचा आवाज होता तो.

मी म्यूट दाबलं. आवाज चालूच.

तेवढ्यात प्रितमचा ठिपका जागच्या जागी थांबला. जखमी झाल्याची खूण आली. आणि बाकीच्या दहा ठिपक्यांनी चेंडू सोडला... चालत आले... आणि त्याच्याभोवती गोळा झाले.

मग सगळे मिळून मैदानाच्या कडेकडे निघाले. अगदी हळूहळू. मधे प्रितम.

फोन वाजला. प्रितमचा मित्र स्वानंद होता.

"दीपेशदादा, लवकर ये! प्रितम खाली पडलाय, त्याला श्वास घेता येत नाहीये!"

लॅपटॉप मी तसाच, उघडाच, काखोटीला मारून पळालो. पॉज दाबत होतो, दबत नव्हतं. बंद करायची भीती वाटत होती. मैदानाची कड आणि ते ठिपके यांत अजून अंतर होतं, आणि मला ते डोळ्यांसमोर हवं होतं.

हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. डॉक्टर तरुण होते, शांत होते. पण बाहेर आले तेव्हा गोंधळलेले दिसले.

"हा पोहायला गेला होता का? समुद्रात, खाडीत?"

"नाही हो. टर्फवर होता. कॉलनीत."

"फुप्फुसात पाणी आहे. रक्तात मीठ प्रचंड वाढलंय." मग स्वतःशीच म्हटल्यासारखे, "असं फक्त बुडालेल्या माणसात बघितलंय मी."

मी बाकड्यावर बसलो आणि लॅपटॉप मांडीवर घेतला.

कडेला आता अगदी थोडी जागा उरली होती.

प्रितमचं नाव खोडलं. गेमने परत मागितलं... अकरावा खेळाडू निवडा.

मनाला येईल ते नाव टाकलं, कोणाचंच नसलेलं. ते उमटलं, आणि डोळ्यांदेखत पुसून परत प्रितम झालं.

दुसरं टाकलं. परत प्रितम.

चप... चप... बाजूच्या बाकड्यावरची बाई इकडेतिकडे बघायला लागली. तिलाही ऐकू येत होतं.

आतून नर्स ओरडली, ऑक्सिजन सत्तरवर आलाय.

मी माझं नाव लिहायला घेतलं. खरंच घेतलं. 'दी' लिहिलं.

आणि माझी छोटी पूर्वी डोळ्यांसमोर आली. हात थांबला.

लाज वाटते लिहायला, पण थांबला.

मग मी ते 'दी' पुसलं आणि लिहिलं... बळीराम.

नाव पुसलं गेलं नाही. स्थिर राहिलं. दहा ठिपके कडेपाशी थांबले, वळले, आणि आपापल्या जागी जाऊन उभे राहिले. आवाज बंद.

आत प्रितम खोकला. डॉक्टर म्हणाले, वाटीभर पाणी ओकला. वीस मिनिटांत ऑक्सिजन ब्याण्णव. "तुमचं नशीब," ते म्हणाले. मी मान हलवली.

स्वानंदला तिथे बसवलं आणि रिक्षा केली. खांदा कॉलनी येईपर्यंत मनाशी एकच घोकत होतो, काही झालेलं नसेल, गेम आहे, काही झालेलं नसेल.

दार अनुयाने उघडलं. रडवेली झाली होती.

"किती फोन केले तुला! आजोबा तासभर कोणाशी तरी बोलतायत. गॅलरीत कोणी नाहीये रे. आणि आता जुनं धोतर फाडून बसलेत."

आजोबा गॅलरीत खाली बसले होते. पाय पसरून. दोन्ही पायांना धोतराच्या चिंध्या गुंडाळलेल्या, घोट्यापर्यंत, घट्ट.

दहाही पानं रिकामी होती. कावळा अनुयाने पाहिला नव्हता.

"पोरगा कसा हाय?" त्यांनी विचारलं. त्यांना कोणीही काही सांगितलं नव्हतं.

"बरा हाय."

"बरा झाला."

दिवेलागणीला आजोबा गेले. भिंतीला टेकून बसल्या बसल्या. वयच होतं, सगळे म्हणाले. प्रितम तेराव्याला ढसाढसा रडला, आजोबा त्याच्यासाठी थांबले पण नाहीत म्हणून. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काय करणार होतो?

लॅपटॉप जवळच्या कोन गावातल्या एका भंगारवाल्याला देऊन टाकला. सेव्ह त्यात आहे की गेला, मला माहीत नाही. या वर्षी पानं मी वाढणार. अकरा. अनुया म्हणते, आता हे बंद कर. पण बंद केलं आणि त्यांना परत एक कमी वाटला तर?

कावळा शिवला की मी लगेच घरातल्या सगळ्यांची डोकी मोजणार. शिवत नाही तोवर जेवणार नाही.

एक गोष्ट मात्र मी घरात आजवर कोणाला सांगितलेली नाही.

त्या संध्याकाळी मी आजोबांच्या शेजारी बसलो होतो. त्यांनीच माझा हात हातात घेतला. त्यांचा हात ओला होता, थंडगार.

"कासीराम आल्ता," म्हणाले. "बोलला, तुज्या नातवानं तुजा नाव दिलंय."

मी मान खाली घातली.

आजोबांनी हात सोडला नाही. नुसते थोपटत राहिले, लहानपणी थोपटायचे तसे.

"मना इचारला असतास ना पोरा... तर मी 'नाय' बोललू नसतू."